चिकंदा आणि मिओम्बो वनातली जमिनीवरची ऑर्किडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही वर्षं झांबियात राहून परत आले, तेव्हापासून मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे "ऑर्किड खातात?" हो, खातात. लाखो माणसं आवडीनं खातात आणि त्या आवडीपायी त्यांची रानं रिकामी होत चालली आहेत. फुलांच्या ग्रुपवर, सहलीत, फोनवर आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान.

चिकंदा हे झाडाचं नाव की पदार्थाचं?

दोन्हीचं. झांबियाच्या उत्तरेकडच्या बेंबा लोकांच्या बोलीत जमिनीत कंद धरणाऱ्या कितीतरी ऑर्किडांना मिळून चिकंदा म्हणतात, आणि त्या कंदांपासून केलेल्या वडीलाही चिकंदाच म्हणतात. बोलीनुसार काही ठिकाणी त्याला चिनाका असंही नाव आहे. आपण "भाजी आणली" म्हणतो तेव्हा जुडीही भाजी असते आणि ताटातलीही भाजीच, तसंच हे. चिकंदा ही एकच जात समजून पुस्तकात शोधलंत तर सापडणार नाही. सॅटिरियम, डिसा, हॅबेनारिया, ब्रॅकिकोरिथिस अशा ऑर्किडांच्या अनेक प्रजातींतले (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) कंद एकाच टोपलीत येतात.

मिओम्बो म्हणजे कसलं जंगल?

बेंबा भाषेत मुओम्बो नावाचं एक झाड आहे, त्याचं अनेकवचन मिओम्बो. वनस्पतिशास्त्रात ते ब्रॅकिस्टेजिया या प्रजातीत येतं, म्हणजे चिंच आणि आपट्याच्या दूरच्या गोतावळ्यातलं. अशा झाडांचं विरळ, उन्हानं भरलेलं वन अंगोलापासून काँगोचा दक्षिण भाग, झांबिया, मलावी, टांझानिया, झिम्बाब्वे आणि मोझांबिकपर्यंत पसरलं आहे. झाडं आपल्या सागवानी रानापेक्षा बुटकी, खाली गवत आणि माती निकस. पाऊस नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, मग पाच-सात महिने थेंब नाही. ऑगस्टपासून जागोजाग वणवे लागतात. आणि पाऊस यायच्या आधीच, कडक उन्हात, झाडांना तांबूस-लाल पालवी फुटते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं रानाला पुन्हा आग लागली.

या वनात मधेमधे सखल, पावसाळ्यात पाणी धरणारी गवताळ कुरणं असतात, त्यांना तिथे दांबो म्हणतात. चिकंद्याची बरीच ऑर्किडं दांबोत किंवा त्याच्या काठावर येतात आणि काही थेट झाडांखालच्या कोरड्या जमिनीत.

आम्ही ऑर्किड झाडाच्या फांदीवरच पाहिलंय. जमिनीतलं ऑर्किड खरं ऑर्किड असतं का?

पूर्णपणे खरं. उलट नावच त्याच्यावरून पडलंय. ग्रीकमध्ये ऑर्किस म्हणजे वृषण. जमिनीतल्या ऑर्किडाच्या बुडाशी जोडीनं असणारे दोन गोल कंद पाहून ते नाव दिलं गेलं. आंब्या-जांभळाच्या फांदीवर लोंबणारी सीतेची वेणी आपल्या ओळखीची, म्हणून झाडावरचं ते ऑर्किड असा समज होतो. पण सह्याद्रीच्या सड्यांवर पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर गवतातून वर येणारी पांढरी हॅबेनारिया पाहिली असेल, तर तुम्ही चिकंद्याच्या सख्ख्या चुलत बहिणीला भेटला आहात. तीच प्रजाती, फक्त जाती वेगळ्या.

सहा महिने पाऊस नाही, वर वणवा. मग हे जगतं कसं?

वरचं सगळं सोडून देऊन. पावसाबरोबर पानं, दांडा आणि फुलं येतात. पाऊस सरला की पिवळं पडून सगळं मातीला मिळतं. उरतो तो जमिनीखालचा कंद. गवताचा वणवा भराभर पुढे सरकतो, त्याची धग मातीत फार खोल जात नाही, त्यामुळे बोटभर खोलीवरचा कंद सुखरूप राहतो. युलोफिया नावाच्या ऑर्किडाच्या काही जाती तर जळून काळ्या पडलेल्या जमिनीतून, अंगावर एकही पान नसताना, नुसता फुलांचा दांडा वर काढतात. राखेत उभी राहिलेली ती फुलं एकदा पाहावीतच.

झाडाला दोन कंद असतात ना? मग एक काढला आणि एक ठेवला तर काय बिघडलं?

हा प्रश्नही वारंवार येतो आणि सगळा घोटाळा इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

फुलात असलेलं सॅटिरियम कुणी उपटलेलं तुमच्या हाती आलं, तर त्याच्या बुडाकडे नीट पाहा. एक कंद काळपट, सुरकुतलेला, दाबला तर बोट आत जातं. जुन्या पाकिटासारखा रिकामा झालेला. दुसरा पांढुरका, टणक, टचटचीत भरलेला, अंगावर बारीक लव. पहिला मागच्या वर्षीचा. त्यानं आपली सगळी शिदोरी यंदाच्या पानाफुलांना दिली आणि तो संपला. दुसरा यंदाच्या पानांनी पुढच्या वर्षासाठी भरत आणलेला.

खाण्यासाठी कोणता कंद काढणार? भरलेलाच. सुरकुतलेल्यात खायला काहीच नसतं. म्हणजे "एक ठेवला" असं म्हणताना आपण मेलेला ठेवतो आणि पुढचं वर्ष पिशवीत घालतो. झाड त्या मोसमात उभं दिसतं, फुलंही कदाचित पूर्ण होतात, पण पुढच्या पावसात त्या जागी काही उगवत नाही. बिया पडल्या असतील तरच थोडी आशा.

आणि कंद शोधायचा तर वरचा दांडा दिसायला हवा, म्हणजे खणणं पावसाळ्यातच होतं. बोंड पिकून फुटेपर्यंत थांबणारा खणणारा पूर्वी असायचा. आता दुसरा कुणीतरी आधी नेईल ही भीती असते, त्यामुळे कुणी थांबत नाही.

मग लागवड का करत नाहीत? बटाटा, रताळी, सुरण लावतोच की.

कारण बियांचं गणित वेगळं आहे. ऑर्किडाचं एक पिकलेलं बोंड कागदावर उघडून बघा. बी दिसतच नाही. तपकिरीसारखी पूड पडते, श्वास सोडला तरी उडून जाते. त्या पुडीत हजारो, काही जातींत लाखो बिया असतात. इतकी हलकी का, तर आत अन्नच नाही. हरभऱ्यात दोन डाळी असतात, गव्हात पीठ असतं, इथे फक्त एक अर्धवट वाढलेला अंकुर आणि त्याभोवती जाळीदार साल.

असं बी रुजायचं तर मातीतली विशिष्ट सूक्ष्म बुरशी त्याच्या आत शिरावी लागते. बुरशी अन्न पुरवते, मग बी फुगून एक इवलीशी गाठ होते, गाठीला कधीतरी पान फुटतं. फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये हे नातं उलगडलं. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी बुरशीशिवाय, साखर घातलेल्या अगार-जेलीवर बी रुजवून दाखवलं आणि आज दुकानात कुंडीत मिळणारी ऑर्किडं त्याच वाटेनं येतात. पण बाटलीत रुजवलेलं रोप निकस, उन्हानं भाजणाऱ्या मिओम्बोच्या मातीत जगवणं हे निराळं काम. पहिल्या फुलापर्यंत काही वर्षं जातात. एवढं करून मिळणार काय, तर सुपारीएवढा कंद. रानात तो फुकट मिळतोय तोवर शेतकऱ्यानं या भानगडीत का पडावं?

अशक्य आहे असं मी म्हणत नाही. योग्य बुरशी शोधून तिच्यासकट बी पेरण्याचे प्रयत्न चालतात आणि माझ्या मते खरा मार्ग तोच आहे. पण "लावा की" हे दोन शब्द म्हणण्याइतकं ते सोपं नाही.

चिकंदा करतात कसा?

आमच्या शेजारच्या बाई करायच्या तसं सांगते. (तिथे बाईला तिच्या पहिल्या मुलाच्या नावानं "बाना अमुक", म्हणजे अमक्याची आई, अशी हाक मारतात. आपल्याकडच्या "बंड्याची आई" सारखीच, त्यामुळे मला ते फार जवळचं वाटायचं.)

वाळवलेले कंद उखळात कांडून पीठ करायचं. कच्च्या शेंगदाण्याचं बारीक कूट करायचं. पाण्यात कूट उकळत ठेवायचं, त्यात मीठ, लाल मिरचीची पूड आणि खायचा सोडा. सोडा मिळत नसे तेव्हा राखेचं निवळलेलं पाणी घालत. मग कंदाचं पीठ भुरभुरत घालून जोरानं घोटत राहायचं. पिठलं गुठळी होऊ न देता घोटतो तसं, पण हात भरून येईपर्यंत, कारण गोळा रबरासारखा घट्ट होत जातो. शेवटी भांड्यावर झाकण ठेवून झाकणावरही निखारे घालायचे, म्हणजे वरून खरपूस पापुद्रा धरतो. गार झाला की सुरीनं तुकडे.

घट्टपणा कशामुळे येतो? या कंदांत ग्लुकोमॅनन नावाचा चिकट पिष्टासारखा पदार्थ असतो. तो पाणी धरतो आणि क्षाराची जोड मिळाली की जेलीसारखा बसतो. जपानात सुरणाच्या एका भाऊबंदापासून कोंजाकची जेली करतात, तिथेही हेच तत्त्व. बाईंना ग्लुकोमॅननचं नाव ठाऊक नव्हतं, पण सोडा कमी पडला तर "आज धरणार नाही" हे त्या नुसत्या पळीच्या ओढीवरून सांगायच्या.

चव कशी असते?

शेंगदाण्याची, तिखटमिठाची आणि किंचित मातकट. पोत उकडलेल्या कोथिंबीर वडीच्या उंड्यासारखा, पण जास्त लवचिक. शहरात लोक त्याला आफ्रिकन पोलोनी म्हणतात. पोलोनी म्हणजे तिथला मांसाचा सॉसेज, कापल्यावर तुकडा तसा दिसतो म्हणून. मांसाचा मात्र त्यात अंशही नाही.

मग आत्ताच एवढी ओरड का? पूर्वीपासून खातातच ना?

पूर्वी उत्तरेकडच्या खेड्यांत मोसमात कधीतरी, आपल्या घरापुरतं व्हायचं. नंतर खेड्यातली माणसं ताम्रपट्ट्यातल्या खाणींच्या गावांत आणि राजधानी लुसाकात गेली, त्यांच्याबरोबर चव गेली, आणि ती शेजाऱ्यांनाही लागली. आज लग्नात, रस्त्याकडेला, बाजारात आणि सुपरमार्केटच्या काउंटरवरही चिकंदा मिळतो. एका वडीला कंद किती लागतात याचा हिशेब खाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नसतो.

झांबियातलं रान कमी पडू लागलं तसे व्यापारी शेजारच्या देशांत शिरले. टांझानियाच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातून सीमेपलीकडे जाणाऱ्या कंदांचा २००० च्या दशकाच्या सुरुवातीला अभ्यास झाला, तेव्हा वर्षाला ४० लाखांपर्यंत कंद जात असावेत असा अंदाज निघाला आणि ८५ पर्यंत जाती या व्यापाराच्या तडाख्यात येऊ शकतात असं दिसलं. एक कंद म्हणजे एक झाड, हे वर सांगितलंच आहे.

किटुलोचं नाव सारखं ऐकू येतं. ते काय आहे?

टांझानियातलं सुमारे २६०० मीटर उंचीवरचं गवताळ पठार. स्थानिक लोक त्याला बुस्तानी या मुंगू म्हणतात, म्हणजे देवाची बाग. बुस्तानी हा शब्द आपल्या कानाला परका नाही, फारसीतून आलेला तो बोस्तानच. २००५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, आणि उष्णकटिबंधी आफ्रिकेत मुख्यतः वनस्पतींसाठी राखलेलं ते पहिलं राष्ट्रीय उद्यान. हत्ती-सिंहांसाठी उद्यानं सगळीकडे आहेत. गवतातल्या फुलांसाठी जमीन राखणं ही मोठी गोष्ट आहे आणि त्यामागे कंदांची लूट हे एक मोठं कारण होतं. मात्र किटुलो हे थंड पठार आहे, मिओम्बोसारखं कोरडं वन नव्हे. मिओम्बोतल्या ऑर्किडांना असं नावानिशी संरक्षण फारसं मिळालेलं नाही. त्यांच्या वाट्याला खणणं आहेच, शिवाय कोळशासाठी झाडतोड आणि मक्याच्या शेतासाठी मोकळी केलेली जमीनही.

नेमकी दुर्मीळ जात ओळखायची कशी?

टोपलीत पडल्यावर बहुतेक ओळखता येतच नाही. ऑर्किडाची ओळख फुलात असते: सॅटिरियमच्या फुलाला मागे दोन शेपट्या, हॅबेनारियाला बहुधा एकच लांब शेपटी, डिसाला वरच्या पाकळीची टोपी. वाळलेल्या, सोललेल्या कंदावर यातलं काहीच उरत नाही. म्हणून संशोधकांनी बाजारातल्या कंदांचा आणि तयार चिकंद्याचाही डीएनए तपासला. तेव्हा ध्यानीमनी नसलेल्या जातीही त्यात निघाल्या. खणणाऱ्याला दुर्मीळ आणि मुबलक यांतला फरक करणं जमलं नाही तर त्याला दोष देता येत नाही. त्याच्या दृष्टीनं कंद भरलेला आहे की नाही एवढंच खरं.

या फुलांवर कोण येतं?

हॅबेनारियाची पांढरी-हिरवट फुलं रात्री वास सोडतात आणि लांब सोंडेचे पतंग येतात. युलोफियाच्या बऱ्याच जाती फुलात मध ठेवतच नाहीत, पण मध आहे असं भासवून मधमाश्या-भुंग्यांना बोलावतात. दक्षिण आफ्रिकेतली एक जात तर आजूबाजूच्या वेगळ्याच फुलझाडाच्या रंगाची नक्कल करते आणि त्या झाडांजवळ असली तरच तिला जास्त भेटी मिळतात. फसवणूक एकदा-दोनदाच चालते, म्हणून अशा जातींत बोंडं कमी धरतात. म्हणजे कंद खणून नेले तर बियांतून भरपाई होईल हा हिशेबही लंगडा.

हे आपल्या सालममिश्रीसारखंच आहे का?

अगदी तेच घराणं. हिवाळ्यात लाडवांत घालायला आणलेली सालममिश्री किंवा सालमपंजा म्हणजे ऑर्किडाचेच कंद. सालमपंजा हिमालयाच्या उंच कुरणांतून येतो, हाताच्या पंजासारखा दिसतो. सालम हा शब्द अरबीतून आला आणि मिश्री म्हणजे मिसरची, इजिप्तची. तुर्कस्तानात त्याच कंदांना सालेप म्हणतात, त्याचं गरम दूध पितात, ताणलं तरी न तुटणारं आइस्क्रीम करतात, आणि एका किलो सालेपला १००० ते ४००० कंद लागतात. तिथली रानं ओस पडू लागली तेव्हा निर्यातीवर बंदी आली.

महाराष्ट्रात तर नातं आणखी जवळचं आहे. आपला अमरकंद म्हणजे युलोफिया, आफ्रिकेत जिच्या सर्वांत जास्त जाती आहेत तीच ही प्रजाती. सातपुड्यातले आदिवासी तो अन्न आणि औषध म्हणून जाणतात. जोवर घरातला कुणी आजारी पडल्यावर एखादा कंद काढला जात होता तोवर रानाला झळ नव्हती. शहरातून पोत्यानं मागणी आली की झांबियात जे झालं तेच इथे व्हायला वेळ लागणार नाही.

ताकदीसाठी ऑर्किडाचा कंद खरंच उपयोगी असतो का?

पिष्ट आणि ग्लुकोमॅनन असल्यामुळे पोटाला आधार होतो, हे खरं. पौरुषाच्या गोष्टी मात्र कंदाच्या आकारावरून सुचलेल्या आहेत, ग्रीकांपासून चालत आलेल्या. लाडवाला डिंक, खारीक, मेथी पुरेशी आहे. सालममिश्री वगळा, लाडू बिघडत नाही. मी गेली कित्येक वर्षं घालत नाही.

झांबियाहून येताना कंद किंवा रोप आणता येईल का?

नाही, आणू नका. साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार झाडून सगळ्या ऑर्किडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही. शिवाय भारतात कुठलंही रोप आणायला क्वारंटाइनची कागदपत्रं लागतात. आणि एवढं करून ते इथे जगेलच याची खात्री नाही.

मग चिकंद्यावर सरसकट बंदी का घालत नाहीत?

सरसकट बंदीचा उपाय मला पटत नाही. कंद खणणारी आणि विकणारी माणसं बहुतांशी गरीब, त्यांत बायका पुष्कळ. पावसाळ्याचे दिवस म्हणजे जुनं धान्य संपलेलं आणि नवीन यायचं असतं, नेमका तेव्हाच कंदाचा पैसा हातात येतो. नुसती बंदी घातली की व्यापार रात्रीचा होतो, खणणाऱ्याला भाव कमी मिळतो आणि मधला माणूस गब्बर होतो. खणण्याआधी बोंड फुटू देणं, काही दांबो आळीपाळीनं दोन-चार वर्षं मोकळे सोडणं, लागवडीचं तंत्र गावापर्यंत नेणं, हे गावानं ठरवलं तर टिकेल. बेंबा बायकांना कोणत्या कुरणात कुठला कंद कधी भरतो हे पाठ असतं. त्यांना चोर ठरवून कुठलंही रान वाचणार नाही.

मला ही फुलं पाहायची आहेत. कधी, कुठे जाऊ?

मिओम्बोत जानेवारी-फेब्रुवारीत, भर पावसात. रस्ते चिखलाचे असतात, सफारीवाले पर्यटक तेव्हा कमी असतात, पण फुलं तेव्हाच. मलावी-झांबिया सीमेवरचं न्यिका पठार आणि टांझानियातलं किटुलो ऑर्किडांसाठी प्रसिद्ध आहेत. तेवढं जमत नसेल तर जुलै-ऑगस्टमध्ये आपला कुठलाही सडा गाठा. गुडघ्यावर बसा, उभ्यानं दिसत नाहीत.

फोटो टाकताना जागा लिहावी का?

नको. हे मी अनुभवानं सांगते. सातारच्या बाजूच्या एका उतारावर मला अमरकंदाचे सात दांडे फुललेले सापडले होते. आनंदाच्या भरात फोटो टाकला, कुणी विचारलं तेव्हा वाट, वळण, मोठा दगड, सगळं लिहिलं. पुढच्या वर्षी त्याच दगडापाशी गेले तर सात खड्डे होते, कडेची माती अजून उकरलेली दिसत होती. कुणी नेले ते कळलं नाही. त्यानंतर फोटोखाली मी फक्त जिल्हा लिहिते, आणि दुर्मीळ जात असेल तर तोही नाही. मोबाइलच्या फोटोत जागा आपोआप नोंदली जाते, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ती नोंद बंद करा आणि मगच रानात शिरा.